गुडघ्यावरचं टेंगूळ

माझ्या नव्या गुडघ्यावर एक टेंगूळ होतं आणि ते तिथे का आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

टेंगूळ म्हणजे पडल्याझडल्याने आलेलं नव्हे. माझा डावा पाय जन्मापासूनच गुडघ्याच्या वर संपतो. त्याखालचा पाय बनवलेला असतो आणि मी वाढते तसा तो बदलावा लागतो. हा नवा गुडघा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा (दोन-तीन धातू एकत्र वितळवून केलेल्या धातूचा) होता. दोन तुकड्यांचा आणि साधारण माझ्या मुठीएवढा. पाय बाजूला वळवताना वरचा तुकडा खालच्या तुकड्यावरून सरकायला हवा, म्हणून खालच्या तुकड्याचा माथा अगदी गुळगुळीत असायला हवा होता. आणि नेमकं त्या माथ्यावर, मधोमध, हे टेंगूळ. गोल, चपटं आणि त्यावर पुन्हा तीन बारीक लांबट दाणे. पाय वळवायला गेलं की ‘टक’ असा आवाज व्हायचा आणि गुडघा अडायचा.

पाय वळायला कशाला हवा, असं तुम्ही विचाराल. मांडी घालून बसून बघा. नुसता गुडघा दुमडून भागत नाही, पोटरी बाजूला वळावी लागते. माझा जुना गुडघा दाराच्या बिजागरीसारखा एकाच बाजूला वाकतो. त्यामुळे मला खाली बसता येत नाही आणि मी कुठेही गेले तरी कोणीतरी ओरडतं, “ऊर्वीला खुर्ची आणा रे.” मला या वाक्याचा मनापासून राग आहे. वाढदिवस असो, भजन असो, शाळेतली गोष्टींची तासिका असो, सगळे खाली आणि मी एकटी वर. आमच्या गल्लीत कोणाला टक्कल पडायला लागलंय हे त्यांच्या बायकांच्या आधी मला कळतं, कारण मला सगळ्यांची डोकीच दिसतात.

सगळ्यात जास्त राग मला खंडेनवमीला येतो. आमची कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना) आहे. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, भट्ट्या बंद असतात आणि दुपारी झाडून सारवलेल्या साचेखात्यात सगळ्यांची पंगत बसते. या वर्षी त्या पंगतीत मांडी घालून बसायचं, असं मी ठरवलं होतं. आत्याने तसा शब्दही दिला होता. आणि आता खंडेनवमी जवळ आली होती आणि गुडघा डब्यात पडून होता.

हा गुडघा आखला होता थोरलीने. थोरली म्हणजे माझी मोठी बहीण नव्हे. ते आमच्या फाउंड्रीतल्या मोठ्या जनरेटिव्ह मॉडेलचं (ढीगभर मजकूर, चित्रं आणि आकार पाहून त्यांची वळणं शिकणारी आणि मग त्याच वळणाचं नवं काही रचणारी संगणकप्रणाली) घरगुती नाव. कारखान्यात साचे उचलणारा, धातू ओतणारा जो यंत्रमानव आहे, तो धाकटा. दोन्ही नावं आप्पांनी ठेवली. आप्पा म्हणजे माझे आजोबा. फाउंड्री त्यांनीच सुरू केली. मशीनला नाव नसेल तर त्याला हाक कशी मारायची, असा त्यांचा सरळ हिशेब.

थोरली आमच्याकडे आली तेव्हा ती जगभरचं शिकूनच आली होती. मग सुनीती आत्याने, म्हणजे माझ्या बाबांच्या बहिणीने, तिला आमचं घरचं शिकवलं. आत्या संगणकशास्त्रज्ञ आहे आणि तिला कोणी ‘मॅडम’ म्हटलं की ती मागे वळून बघते, दुसरं कोणी आलंय की काय म्हणून. तेव्हापासून थोरली गिऱ्हाइकांच्या पत्रांना उत्तरं लिहिते, कोणती भट्टी कधी पेटवायची त्याचं वेळापत्रक लावते, तयार नगाचा फोटो पाहून तडा कुठे असेल ते सांगते. पण अख्खी नवी वस्तू तिने आजवर कधी आखली नव्हती. माझा गुडघा हे तिचं पहिलं काम.

आत्याने तिला माझी मापं दिली. वजन किती पेलायचं, किती वाकायचं, किती वळायचं हे सांगितलं. थोरलीने भराभर आराखडे काढून दिले. कोणी जाड, कोणी सडपातळ, एक तर चक्क खेकड्यासारखा. पण प्रत्येकाच्या माथ्यावर ते टेंगूळ होतं. आत्याला वाटलं, काहीतरी कारण असेल. तिने त्यातला एक निवडला, धाकट्याने वाळूचा साचा छापला, धातू ओतला आणि मी तो पायात चढवला. टक.

“कानस घेऊन घासून टाक ना,” मी म्हटलं.

आत्या डॉक्टर निंबाळकर बाईंकडे बघायला लागली. या बाई माझा पाय बसवतात. त्यांनी चष्मा काढला, गुडघा उलटापालटा केला आणि मान हलवली.

“घासायचं नाही,” त्या म्हणाल्या. “ते का आहे हे कळल्याशिवाय काढायचं नाही. उद्या तिथूनच गुडघा मोडला आणि पोरगी जिन्यावरून पडली तर?”

“मग आहे तसा ठेवायचा?” आत्याने विचारलं.

“का आहे हे कळल्याशिवाय ठेवायचाही नाही.”

म्हणजे काढायचंही नाही आणि ठेवायचंही नाही. याचा अर्थ काय करायचं, ते मला कळेना. आत्याने सिम्युलेशन (खरी वस्तू न मोडता संगणकावर तिच्यावर भार टाकून पाहणं) करून दाखवलं. टेंगूळ असताना आणि नसताना गुडघा सारखाच मजबूत निघाला. तरीही बाई ऐकेनात. “एक संगणक म्हणतो लावा, दुसरा म्हणतो नसलं तरी चालेल. मी कोणाचं ऐकू?” असं म्हणून त्यांनी गुडघा डब्यात घालून डबा माझ्या हातात दिला. कारण कळेपर्यंत जुनाच पाय वापरायचा, असं बजावून त्या गेल्या.

मग थोरलीलाच विचारावं असं ठरलं. कार्यालयातल्या पडद्यासमोर मी माझ्या खुर्चीवर बसले आणि विचारलं, “थोरले, ते टेंगूळ कशाला आहे?”

“तो उंचवटा भार सगळीकडे सारखा वाटून देण्यासाठी आहे,” थोरली म्हणाली. तिचा आवाज आमच्या मुख्याध्यापिकांसारखा ठाम आहे.

मला हायसं वाटलं. पण आत्या म्हणाली, “पुन्हा विचार. नव्याने.”

मी पुन्हा विचारलं. या वेळी थोरली म्हणाली, “तो उंचवटा घर्षणाने तयार होणारी उष्णता बाहेर टाकण्यासाठी आहे.” तितक्याच ठामपणे. तिसऱ्यांदा विचारलं तर तेलाचा थेंब धरून ठेवण्यासाठी. आणि त्यावरचे दाणे कशाला, असं विचारल्यावर तिने इतकं लांबलचक आणि सुंदर उत्तर दिलं की मला त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

“यातलं खरं कुठलं?” मी विचारलं.

“बहुतेक एकही नाही,” आत्या म्हणाली.

माझं डोकं भणभणायला लागलं. साचेखात्यातले दादासो काका तेवढ्यात चहा घेऊन आले. त्यांनी गुडघा हातात घेतला आणि म्हणाले, “रस आत सोडायचं त्वांड राहिलं आसंल की हितं.” आत्याने त्यांना साचा दाखवला, तोंड दुसऱ्याच बाजूला होतं. दाराशी उभे असलेले आप्पा म्हणाले, “थोरलीला बी कायतरी हौस आसंल. तुमी बायका न्हाई का भांड्यावर नक्षी काढत?” आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा घेऊन निघूनच गेले.

“थोरली खोटारडी आहे,” मी म्हटलं.

“थांब,” आत्या माझ्या समोर टेबलावरच बसली. “मी सुरू करते, तू पुढे सांग. एक होता राजा. त्याला किती राण्या?”

“दोन.”

“एक?”

“आवडती.”

“आणि दुसरी?”

“नावडती. हे कोणालाही येतं.”

“तू त्या राजाला भेटलीस कधी?”

“मी कशाला भेटू?”

“मग दोन राण्या कशावरून?”

“गोष्टीत असतातच.”

“बरं. ती नावडती का होती?”

हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. पण गप्प कोण बसणार? “ती खरं बोलायची म्हणून,” मी ठोकून दिलं. “आणि आवडती गोड गोड बोलायची.”

“हे तुला माहीत होतं?”

“नाही. पण शोभतंय ना.”

“थोरली नेमकं हेच करते,” आत्या म्हणाली. “तिने इतक्या गोष्टी, इतके आकार पाहिलेत की एवढं झालं की पुढे काय शोभेल, हे तिला फार छान जमतं. गुडघा म्हटलं की कसा आकार शोभेल, ते ती रचते. ‘का’ असं विचारलं की कसं उत्तर शोभेल, ते रचते. तिने टेंगूळ काढलं तेव्हा तिच्या मनात काही कारण होतं आणि आता ती ते आठवून सांगतेय, असं मुळीच नाही. तिच्यासाठी ते दुसरं कोडं. नावडती का नावडती, तसं.”

“म्हणजे ती खोटंच बोलते.”

“खोटं बोलायला खरं काय आहे ते ठाऊक असावं लागतं, ऊर्वी. ती शोभेल ते बोलते. पुष्कळदा ते खरंही निघतं. भट्टीचं वेळापत्रक ती बरोबर लावते, कारण तशी हजारो तिने पाहिली आहेत, आणि आपण रोज ते तपासतोही. गुडघा तिने पहिल्यांदाच केला.”

मी बराच वेळ विचार केला. काहीतरी कळल्यासारखं वाटत होतं आणि नेमकं तिथेच अडत होतं. माझ्या नव्या गुडघ्यासारखंच.

“पण आत्या,” मी म्हटलं, “दोन राण्या मी ऐकल्या होत्या म्हणून मला सुचल्या. थोरलीने टेंगूळ कुठे पाहिलं?”

आत्या टेबलावरून खाली उतरली.

याचं उत्तर शोधणं खरं तर सोपं असायला हवं होतं. आमच्याकडे नवीन वस्तू ओतली की तिचा पहिला नग स्कॅनरवर (वस्तूच्या चहूबाजूंनी प्रकाश फिरवून तिचा हुबेहूब आकार संगणकात उतरवणाऱ्या यंत्रावर) ठेवतात. आत्या आल्यापासूनचे असे सगळे आकार जपून ठेवलेले आहेत आणि थोरलीला शिकवले ते तेच. म्हणजे त्या नगांवर कुठेतरी टेंगूळ असलंच पाहिजे. आम्ही गोदामात गेलो. पहिले नग आप्पा विकत नाहीत, फळ्यांवर मांडून ठेवतात. पंपाची धडं, चाकं, झाकणं, घंटेसारखं काहीतरी. मी एकेकावरून हात फिरवला. सगळे स्वच्छ, गुळगुळीत. टेंगूळ एकावरही नव्हतं.

आत्या एका उपड्या डब्यावर बसली. तिला इतकी गोंधळलेली मी कधी पाहिली नव्हती. मोठी माणसं गोंधळली की ती रागावतात, एवढंच मला माहीत होतं. आत्या रागावली नाही. ती नुसतीच म्हणाली, “न शिकवलेलं हिला आलं कुठून?” आणि मला भीती वाटली. हे कोडं आत्यालाही सुटलं नाही, तर माझी खुर्ची काही सुटणार नाही, हे मला दिसत होतं.

त्यानंतर मी डब्यातला तो टेंगळाचा तुकडा खिशात घेऊनच फिरायला लागले. वर्गात, जेवताना, अभ्यास करताना माझा अंगठा आपोआप त्या टेंगळावर जायचा. तिथे तो छान बसायचा. तीन दाणे मोजायचा. आई म्हणायची, सोड तो नाद. पण सुटेना.

अशात एके दिवशी फाउंड्रीत एका नव्या पंपाचं धड ओतलं गेलं. माझी शाळा सुटली होती, म्हणून मीही गेले. पहिला नग साच्यातून निघाला, निवला, धाकट्याने झटकून-पुसून तो चौरंगावर आणून ठेवला. आता आमच्या फाउंड्रीचा एक रिवाज सांगायला हवा. पहिला नग आधी पुजायचा आणि मगच पुढच्या कामाला न्यायचा, असा आप्पांचा दंडक आहे. ते स्वतः नगाला कुंकू लावतात, अक्षता वाहतात, नारळ फोडतात. मग धाकटा नग स्कॅनरवर ठेवतो, आणि तिथून तो धुऊन तपासणीला जातो. हे आम्ही इतक्या वेळा पाहिलंय की आमचं तिकडे लक्षच नसतं. सगळ्यांचं लक्ष खोबऱ्याकडे.

त्या दिवशी आप्पांच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. दारात सापडला होता.

“ऊर्वे, आज तू लाव,” ते म्हणाले.

मी वाटीतल्या ओल्या कुंकवात अंगठा बुडवला आणि पंपाच्या कडेला टेकवला.

“तितं न्हवं,” आप्पा म्हणाले. “मधी. सगळ्यात गुळगुळीत जागा कुठं हाय बघ आन् तितं लाव. दाबून लाव. आता अक्षता घाल वर. चिकटल्या पायजेत, पडल्या तर काय उपेग?”

मी अंगठा दाबला. अक्षता टाकल्या. बऱ्याच घरंगळून गेल्या आणि काही कुंकवाला चिकटून राहिल्या.

मी बघतच राहिले. गोल, चपटं, आणि त्यावर लांबट दाणे. मी डाव्या हाताने खिशातला गुडघा बाहेर काढला आणि कुंकवाशेजारी धरला. मग कुंकवाने माखलेला अंगठा गुडघ्याच्या टेंगळावर ठेवला. तो तिथे नेहमीसारखा छान बसला.

“आत्या,” मी म्हटलं. “हा पंप स्कॅन झाला की मला मोठा करून दाखव.”

धाकट्याने पंप उचलून स्कॅनरवर ठेवला. पडद्यावर राखाडी आकार उमटायला लागला. स्कॅनर रंग टिपत नाही, फक्त आकार टिपतो. पंपाचं धड मोठं, त्यामुळे आधी काहीच वेगळं दिसलं नाही. आत्याने मधला भाग मोठा केला, आणखी मोठा केला. तिथे राखाडी टेंगूळ होतं आणि त्यावर तांदळाचे राखाडी दाणे होते.

आत्याने खुर्ची पुढे ओढली. तिने जुने आकार उघडले. चाक, झाकण, घंटेसारखं ते काहीतरी. प्रत्येकाच्या सगळ्यात गुळगुळीत जागी अंगठ्याएवढं टेंगूळ होतं. मोठ्या नगांवर ते इतकं बारीक होतं की आजवर कोणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल त्याला धूळ वाटली असेल. आणि गोदामातल्या नगांवर ते नव्हतं, कारण स्कॅन झाल्यावर ते धुतलेले होते. पण अंगठा काही नगाच्या मापाने लहानमोठा होत नाही. माझ्या मुठीएवढ्या गुडघ्यावर तोच अंगठा केवढा तरी मोठा दिसत होता.

“थोरलीने पाहिलं,” आत्या हळूच म्हणाली, “की इथे चांगल्या नगावर नेहमी असं काहीतरी असतं. तिला कुंकू ठाऊक आहे, पूजाही ठाऊक आहे, विचारलंस तर पाच पानं लिहून देईल. पण हे राखाडी टेंगूळ म्हणजेच कुंकू, हे तिला कोणी सांगितलं नाही. राजाला जशा दोन राण्या, तसं नगाला टेंगूळ. शोभतं म्हणून लावलं.”

“आणि तांदळाचे दाणेसुद्धा,” मी म्हटलं.

“आणि तांदळाचे दाणेसुद्धा. शिकवणीत जे जे होतं ते ती शिकली. त्यातलं काय कामाचं आणि काय आपलं सहज झालेलं, हे वेगळं करून आपण दिलंच नव्हतं.”

दादासो काका हसायला लागले. आप्पा मात्र हसले नाहीत. ते पडद्याजवळ गेले, डोळे बारीक करून बघत राहिले आणि मग आपल्या पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे बघू लागले.

“म्हंजे पोरीचा गुडघा माझ्याच अंगठ्यानं अडला व्हय?” ते म्हणाले.

मला त्यांची दया आली आणि हसूही आलं. दोन्ही एकदम कसं येतं, ते मला कळलं नाही. मी त्यांचा हात धरला. “आप्पा, तुम्ही दाबून लावलंत म्हणून तर सापडलं,” मी म्हटलं. याचा नीट अर्थ लागतो का, ते मला अजूनही माहीत नाही, पण आप्पांना बरं वाटलं.

डॉक्टर निंबाळकर बाईंना आत्याने तिथूनच फोन करून पडद्यावर सगळं दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून सगळं पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “आता कारण कळलं. काढा.” फोन ठेवताना मात्र त्या हसत होत्या.

नुसती कानस मारून आत्याचं समाधान होणार नव्हतं. तिने जुन्या सगळ्या आकारांवरून टेंगळं पुसून काढली. याला विदा-शुद्धी (शिकवायच्या माहितीतला नको तो भाग काढून टाकणं) म्हणतात आणि ते तांदूळ निवडण्याइतकंच कंटाळवाणं काम आहे, हे मी शेजारी बसून पाहिलं. मग थोरलीला तोच धडा नव्याने दिला. नव्या आराखड्यांत एकावरही टेंगूळ आलं नाही. त्यातला एक ओतून आत्याने चाचणीच्या यंत्रावर चढवला आणि तो मोडेपर्यंत वाकवला, वळवला, दाबला. खूप उशिरा मोडला, असं ती आनंदाने म्हणाली. मोडण्यात आनंद कसला, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं, की तो तिथे मोडला म्हणून माझ्या पायात मोडणार नाही.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आत्याचं म्हणणं, यापुढे आधी स्कॅन आणि मग पूजा. आप्पांचं म्हणणं, बिनपूजेचा नग कुठल्याही मशीनवर चढणार नाही.

“मग त्या स्कॅनरलाच कुंकू लावतो,” आप्पा म्हणाले.

“त्याच्या काचेला हात लावायचा नाही,” आत्या म्हणाली.

दोघंही नाकावर माशी बसू देत नाहीत. शेवटी मीच म्हटलं, की आधी नारळ फोडा, नमस्कार करा, मग स्कॅन करा आणि कुंकू नंतर लावा. नारळ काही नगाला चिकटत नाही. दोघांनाही हे आपलंच म्हणणं वाटलं आणि प्रश्न मिटला.

घरी परतताना मी आत्याला विचारलं, “थोरली आणखी असं काय काय शिकली असेल, जे आपल्याला दिसलेलंच नाही?”

“माहीत नाही,” आत्या म्हणाली. “असेलच काहीतरी. म्हणून तिचं काम बघत राहायचं, मोडून बघायचं. आणि विचारत राहायचं, पण नुसतं तिला नाही.” मला वाटलं होतं की शास्त्रज्ञांना सगळं कळतं. हे उत्तर ऐकून मी पुन्हा गोंधळले, पण या वेळी त्यात भीती नव्हती.

खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना झेंडूच्या माळा होत्या. धाकट्यालाही होती, त्याने ती दोनदा उचलून बाजूला ठेवली आणि दादासो काकांनी तिसऱ्यांदा घातल्यावर तो गप्प उभा राहिला. माझा गुडघा कधीच स्कॅन होऊन पायात चढला होता. आप्पांनी वाकून त्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे काहीच अडणार नाही अशा जागी, कुंकू लावलं. दाबून. अक्षताही चिकटल्या.

मी पाटापाशी गेले. मी भिंतीला हात टेकला, खाली झाले, पाय दुमडला, वळवला. टक झालं नाही. मी मांडी घातली होती. समोर पत्रावळ होती, शेजारी आत्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता आणि सगळ्यांचे चेहरे माझ्यासमोर होते. टकलं दिसतच नव्हती. मला रडू आलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत.

तेवढ्यात पलीकडून कोणीतरी सवयीने ओरडलं, “ऊर्वीला खुर्ची आणा रे.” आणि खुर्ची आलीसुद्धा.

“थोरलीला द्या ती,” मी म्हटलं. “तिला खाली बसता येत नाही.”

लोक हसले, पण आत्याने खरंच कार्यालयातून थोरलीची पाटी (हातात धरायचा, कॅमेरा असलेला तिचा छोटा पडदा) आणली आणि खुर्चीवर टेकवून ठेवली. मी मान वर करून थोरलीला विचारलं, “माझ्या गुडघ्यावर काय आहे, दिसतंय?”

“एक लाल ठिपका आहे,” थोरली ठामपणे म्हणाली. “हा ठिपका जोड घट्ट बसला आहे की नाही, हे तपासण्यासाठी केलेली खूण आहे.”

साचेखातं हसण्याने भरून गेलं. आप्पांना तर ठसका लागला. मला मात्र या वेळी तिचा राग आला नाही. शोभेल असं तिने सांगितलं होतं, आणि खरं काय ते तिथे बसलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

“नाही गं थोरले,” मी म्हटलं, “ते असं आहे,” आणि मी तिला पहिल्यापासून सांगायला लागले. वाढपी अजून पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होते, वरण यायला वेळ होता.